पहिलं कलेक्शन, पहिला रॅम्प: ठाणे-नवी मुंबईच्या नव्या डिझायनरांचे नेहमीचे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात नव्या डिझायनरांची सॅम्पलं शिवली जातात. खारघर, ऐरोली, कळवा, डोंबिवली, पनवेल, कुठून कुठून मुलंमुली येतात आणि कापड टेबलावर पसरायच्या आधी तेच ते प्रश्न विचारतात. बाकीचे व्हॉट्सॲपवर रात्री अकरानंतर विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. कर आणि कायद्याचं जे लिहिलं आहे ते ढोबळ समज यावी म्हणून. सही करण्याआधी तुमच्या सीएला किंवा वकिलाला दाखवा.

१. फॅशन वीक म्हणजे नेमकं काय? ती स्पर्धा असते का?

स्पर्धा नसते, बाजार असतो. येत्या हंगामाचे कपडे दुकानदार, स्टायलिस्ट, पत्रकार आणि हौशी गिऱ्हाईक यांच्यासमोर मांडायचे, एवढाच मूळ हेतू. आपल्याकडे एफडीसीआय म्हणजे फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया ही डिझायनरांची संघटना १९९८ साली स्थापन झाली आणि २००० साली दिल्लीत पहिला लॅक्मे इंडिया फॅशन वीक झाला. २००६मध्ये लॅक्मे मुंबईत आणि एफडीसीआय दिल्लीत अशा दोघांच्या वेगळ्या चुली झाल्या, त्या २०२१मध्ये पुन्हा एक झाल्या. वर्षाला दोन हंगाम असतात. २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षांत मार्चचा उन्हाळी हंगाम मुंबईत बीकेसीला झाला आणि ऑक्टोबरचा सणासुदीचा दिल्लीत. ठाण्यातल्या माणसाला हा फरक खिशाला जाणवतो: मार्चला टेम्पो पुरतो, ऑक्टोबरला विमान, हॉटेल आणि कपड्यांच्या पेट्या.

२. नव्या माणसाला तिथे शिरायला वाट कोणती?

सगळ्यात ओळखीची वाट म्हणजे लॅक्मे फॅशन वीकचा जेननेक्स्ट हा उपक्रम. अर्जासोबत पोर्टफोलिओ जातो, त्यातून काही जणांना बोलावतात आणि परीक्षकांपुढे प्रत्यक्ष कपडे दाखवावे लागतात. निवडलेले काही डिझायनर मिळून एकच शो करतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात. राहुल मिश्रा २००६मध्ये केरळच्या मुंडूच्या हातमाग कापडातून केलेलं कलेक्शन घेऊन इथेच पहिल्यांदा दिसले; २०१४ साली आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय डिझायनर ठरले. मसाबा गुप्ता आणि आपले नचिकेत बर्वे हेही इथूनच पुढे आले.

टाकाऊ मालातून किंवा पुनर्वापरातून काम करत असाल तर सर्क्युलर डिझाइन चॅलेंज ही वेगळी वाट आहे. अजून शिकत असाल तर कॉलेजचे पदवी-शो आणि विद्यार्थ्यांसाठीचे उपक्रम बघा. वयाच्या, अनुभवाच्या आणि आधी कुठे शो केलाय याच्या अटी दर हंगामाला बदलू शकतात. मैत्रिणीने गेल्या वर्षी काय भरलं होतं ते विचारत बसू नका, चालू वर्षाची सूचना स्वतः वाचा.

३. माझ्याकडे फॅशनची पदवी नाही. माझा अर्ज बघतील का?

खारघरचं निफ्ट, म्हणजे फॅशन शिकवणारी सरकारी संस्था, आपल्या दारात आहे, त्यामुळे इकडच्या मुलांना वाटतं की तो शिक्का नसेल तर काही खरं नाही. परीक्षक कपडा उलटा करून आतली शिवण बघतात. ती नीट असेल आणि तुमच्या दहा कपड्यांत एक विचार दिसत असेल, तर पदवीचा विषय मागे पडतो. मात्र पदवी नसताना पॅटर्न (कपड्याचा कागदी साचा) कापता येत नसेल, तर चांगला कटिंग मास्टर सोबत हवाच. (तसा तो पदवीवाल्यांनाही लागतो. हे आमच्या मास्टरचं मत, आणि माझंही.)

४. ठाण्यात, वाशीत हॉलमध्ये आणि मॉलमध्ये 'फॅशन वीक' होतात. पैसे भरून भाग घ्यावा का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा लांबवतो.

'फॅशन वीक' हे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. ज्याच्याकडे हॉल, दिवे आणि फ्लेक्सवाला आहे तो ते छापू शकतो. पैसे घेतले म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही, कारण मोठ्या फॅशन वीकमध्येही प्रस्थापित डिझायनर जागेचे पैसे मोजतातच. प्रश्न इतकाच की तुमच्या पैशात तुमच्या पदरात काय पडतं.

आयोजकाला फोनवर नाही, लेखी विचारा. समोर कोण बसणार, दुकानांचे खरेदीदार की सहभागी मॉडेलांचे नातेवाईक? गेल्या वेळच्या तीन डिझायनरांचे नंबर देता का? मॉडेलांना मानधन मिळतं, की त्यांच्याकडूनही पैसे घेतले जातात? दोन्हीकडून पैसे घेणारा आयोजक कपडे विकायला बसलेला नाही, तो रॅम्पवर चालण्याची हौस विकतोय. फोटो आणि व्हिडिओ कच्च्या स्वरूपात मिळणार का, किती दिवसांत, आणि ते जाहिरातीत वापरायची परवानगी लेखी मिळेल का? कार्यक्रम पुढे ढकलला तर पैसे परत मिळणार का? पावती जीएसटी क्रमांकासह मिळते का? यातल्या निम्म्या प्रश्नांवर "ताई, ते आपण बघून घेऊ" असं उत्तर आलं, तर तुम्हीही दुसरीकडे बघून घ्या.

तेवढ्याच पैशात एक चांगलं फोटोशूट आणि प्रदर्शनातला स्टॉल होतो का, हेही मांडून पाहा. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला प्रदर्शनं होतात, बेलापूरच्या अर्बन हाटला विणकर-कारागिरांची असतात. तिथे गिऱ्हाईक कपडा हातात घेतं, अंगावर लावून बघतं आणि "बाही थोडी लांब मिळेल का?" असं तोंडावर विचारतं. पहिल्या वर्षी मला हा प्रश्न टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

५. कलेक्शनमध्ये किती कपडे हवेत?

नव्यांच्या एकत्रित शोमध्ये साधारण आठ ते पंधरा लुक पुरतात. नेमका आकडा आयोजक कळवतात. लुक म्हणजे एका मॉडेलच्या अंगावरचा पूर्ण पेहराव. बारा लुकमध्ये जॅकेट, आतला टॉप, पँट धरून पंचवीस-तीस नग सहज होतात. घोटाळा इथेच होतो. बजेट बारा कपड्यांचं केलेलं असतं आणि शिलाई तीस नगांची निघते.

बारापैकी दोन-तीन डोळे दिपवणारे असू द्या. बाकीचे असे असावेत की उद्या एखाद्या दुकानाने "चार साइझमध्ये वीस नग द्या" म्हटलं तर तुम्हाला घाम फुटणार नाही. पुन्हा बनवता येत नाही असा कपडा रॅम्पवर पाठवू नये, या मताचा मी आहे. याला एक अपवाद प्रश्न २१मध्ये आहे.

६. किती महिने आधी कामाला लागायचं?

मार्चच्या शोसाठी गणपती झाले की. ऐकून सगळे हसतात, पण हिशोब बघा. अर्जाच्या वेळीच काही कपडे तयार लागतात (प्रश्न २). कापड ठरवणं, रंगवून घेणं, नमुना, दुरुस्ती, भरतकाम, फिटिंग अशी एकामागची एक कामं असतात आणि मागचं अडलं की पुढचं थांबतं.

त्यात कारागिरांचं पंचांग वेगळं असतं. शिलाई आणि जरी-आरीचं काम करणारे बरेच कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे आहेत. दिवाळी आणि छटपूजेला गावी गेलेला माणूस लगेच परत येत नाही. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, म्हणजे ऐन शोच्या तोंडावर. रोजे धरलेल्या कारागिराकडून रात्रपाळीची अपेक्षा ठेवू नका, आणि ईदच्या आठवड्यात काम मागू नका. ऑक्टोबरच्या शोचं दुखणं निराळं: गणपतीत ठाणं बंद, नंतर नवरात्रीचे घागरे, त्यामागोमाग दिवाळीचे ब्लाउज. या दिवसांत गल्लीतला कुठलाही मास्टर तुमचे तीन नग कुरकुरल्याशिवाय हातात घेत नाही.

ब्लॉक प्रिंट किंवा नैसर्गिक रंगाचं काम असेल तर जुलै-ऑगस्टचा पाऊसही मोजा. कापड दोन दिवस ओलसर राहिलं की रंग ढगाळतो आणि एकाच ताक्याच्या (कापडाच्या अखंड गुंडाळीच्या) दोन टोकांना दोन छटा दिसतात.

७. थोडंच कापड हवंय. घ्यायचं कुठून?

हे कापडावर अवलंबून आहे. मुंबईत मंगळदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता इथे कमी मीटरमध्ये मिळतं. भिवंडी आपल्या जिल्ह्यातच आहे आणि यंत्रमागाचं कोरं कापड तिथे स्वस्त पडतं, पण तिथला व्यवहार ताक्यांचा. आठ मीटर मागितलंत तर चहा पाजून परत पाठवतील. दोघातिघांनी मिळून एक ताका घ्या आणि आपापला रंग चढवून घ्या. जीन्सच्या शिलाईला उल्हासनगरचा पाच नंबर कॅम्प आहेच. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून तिकडच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली होती, म्हणून शिलाई ठरवतानाच धुलाई कुठे होणार ते विचारून घ्या.

पैठणीला येवला-पैठण. खण हल्ली सगळ्यांना हवा असतो. तो मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा आणि त्याचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद असतो. नेहमीच्या पन्ह्याच्या कापडावर काढलेला पॅटर्न खणावर बसत नाही, जोड द्यावे लागतात. वैशाली शडांगुळे यांनी खणाला पार वेगळ्या आकारांत नेलं आणि २०२१मध्ये पॅरिसच्या ओत कुत्युर वीकपर्यंत पोचल्या. जोड लपवायचे की मिरवायचे हे त्यांच्या कामाकडे बघून शिकावं.

कुठलंही कापड कापण्याआधी एक गोष्ट कराच. तुकड्यावर पेनाने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, घरी धुता तसा धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. ४८ भरला तर कापड ४ टक्के आटतंय. उभ्या आणि आडव्या धाग्याचं माप वेगळं येतं, दोन्ही वहीत लिहा. आणि लागेल तेवढं सगळं एकाच लॉटमधून उचला. "नंतर सेम मिळेल" असं दुकानदार म्हणतो, पण तो लॉट त्याच्याही हातात नसतो.

८. थेट खऱ्या कापडावरच शिवलं तर चालणार नाही का? मांजरपाटाचा (स्वस्त कोऱ्या सुती कापडाचा) नमुना कशाला?

सरळ कुर्ता असेल तर चालेल. अंगाबरोबर बसणारा कपडा असेल तर नाही. मांजरपाटाचा नमुना अंगावर चढवून मॉडेलला हात वर करायला सांगा, खाली बसायला सांगा, चार पावलं चालायला सांगा. मुंडा (बाही जोडायची खाच) खोल असेल तर हात वर केल्याबरोबर सगळं जॅकेट कानापर्यंत येतं. कॉलर मानेमागे उभी राहत असेल तर मास्टर तिथे टाचणी लावतो, पाठीच्या मधोमध अर्धा सेंटिमीटरचा डार्ट (आत शिवून टाकायची घडी) चिमटीत धरतो आणि पेन्सिलने खूण करतो. नऊशे रुपये मीटरच्या रेशमावर टाचणीचं भोक राहतं, मांजरपाटावर काही बिघडत नाही. शिवाय रॅम्पचे दिवे पुढून आणि वरून येतात. आरशात न दिसलेली चुणी तिथे फोटोत पहिली दिसते.

९. मॉडेल, मेकअप, केस, हे सगळं मीच बघायचं का?

मोठ्या व्यासपीठावर बहुतेक वेळा आयोजकांची टीम असते. मॉडेल ठरलेल्या असतात आणि त्यांच्यातून तुम्हाला वाटून मिळतात. म्हणजे तुमचे कपडे तुमच्या मैत्रिणीच्या मापाचे असून भागत नाही. सॅम्पल साइझ आधी मागून घ्या आणि पँटच्या तळाच्या घडीत, बाहीत दोन इंच माया ठेवा. मॉडेल उंच असतात.

रॅम्पमागे तुमच्या ताब्यात एक लोखंडी रॅक आणि थोडा वेळ असतो. कपडे येण्याच्या क्रमाने लावा. प्रत्येक हँगरला एक कार्ड बांधा: लुक क्रमांक, मॉडेलचं नाव, पूर्ण पेहरावाचा फोटो, चपला-दागिन्यांची यादी. दागिने त्याच हँगरला छोट्या पिशवीत अडकवा. कपडे चढवणाऱ्या मुली तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांना तुमच्या कल्पनेशी घेणंदेणं नसतं, त्यांना कार्ड वाचता आलं पाहिजे. एकाच मॉडेलचे दोन लुक असतील तर दुसऱ्याला पाठीवर वीस काजांची रांग ठेवू नका. आत चेन लावा आणि बटणं वरून शोभेची शिवा. सुई-दोरा, पिना, दुहेरी टेप, कात्री आणि स्टीमर स्वतःचं न्या. शेजारच्याकडे मागायची ती वेळ नसते.

१०. ओळखीचं गाणं लावलं तर चालतं का?

परवान्याशिवाय नाही. लग्नकार्याला कायद्यात जी सूट आहे ती फॅशन शोला लागू नाही. परवाना आयोजकांनी घेतला आहे का ते विचारा. तो घेतलेला असला तरी तोच व्हिडिओ तुमच्या पानावर टाकला की आवाज बंद होऊ शकतो. ओळखीच्या ढोलकी-संबळवाल्याकडून तीन मिनिटांचा तुकडा वाजवून घ्या, त्याचे पैसे द्या आणि वापराची परवानगी कागदावर घ्या. स्वस्त पडतं.

११. कपड्याची किंमत कशी ठरवायची?

बहुतेक जण कापड अधिक शिलाई करतात आणि त्याची दुप्पट लावतात. समजा एक जॅकेट आहे. कापड अडीच मीटर, ६०० रुपयांनी १,५००. अस्तर १८०. फ्यूजिंग (कडकपणासाठी आतून चिकटवायचं कापड), बटणं, दोरा, लेबल १७०. कटिंग-शिलाई ९००. भरतकाम १,२००. धागे कापणं, इस्त्री, पॅकिंग १५०. एकूण ४,१००.

आता दुकानात १०,००० रुपयांचा टॅग लावलात. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के जीएसटी आहे. १०,००० मधून कर काढला की साधारण ८,४७५ उरतात. दुकानाचा हिस्सा ४० टक्के धरला तर ३,३९० गेले, तुमच्याकडे ५,०८५ आले. त्यातून ४,१०० वजा केले की हातात ९८५ रुपये. त्यात गाळ्याचं भाडं, फुकट गेलेली सॅम्पलं, फोटोशूट, टेम्पो आणि तुमचा पगार बसवा. बसत नाही ना? मग एकतर किंमत वाढवा, नाहीतर भरतकाम पूर्ण पाठीऐवजी फक्त कॉलरवर आणा. मी दुसरं आधी करून बघेन. नव्या नावासाठी गिऱ्हाईक किती मोजेल याला मर्यादा असते.

२,५००च्या सीमेवरचा कपडा असेल तर मात्र डोकं वापरा. २,४०० आणि २,६०० यांत गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फार अंतर नाही, कराच्या दृष्टीने बरंच आहे.

१२. शो झाला, लोकांनी कौतुक केलं. ऑर्डर का येत नाहीत?

कारण विकत घ्यायला काय आहे हे त्यांच्या हातात कुणी दिलंच नाही. लुकबुक, म्हणजे कलेक्शनच्या फोटोंची पुस्तिका, बहुतेकांकडे असतं. लाइनशीट नसते. लाइनशीट म्हणजे साधा तक्ता: कपड्याचा फोटो, क्रमांक, कापड, मिळणारे रंग आणि साइझ, घाऊक भाव, कमीत कमी किती नग, माल किती आठवड्यांत देणार. खरेदीदार तिथेच उभ्या उभ्या हे विचारतो, आणि "सांगते नंतर" म्हटलं की तो पुढच्या रॅकला लागतो.

ऑर्डर आलीच तर दोन प्रकार असतात. एक, दुकान माल विकत घेतं. दोन, कन्साइनमेंट: माल तुमचा, जागा त्यांची, विकला गेला तर हिस्सा कापून पैसे. नव्यांच्या वाट्याला बहुधा दुसरा येतो आणि दुकानाचा हिस्सा तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत जातो. करारात हिशोब किती दिवसांनी, सेल लावला तर सूट कुणाच्या हिश्श्यातून, ट्रायलमध्ये खराब झालेल्या कपड्याचं काय आणि न विकलेला माल कधी परत, हे चार मुद्दे लिहून घ्या.

१३. दुकानाने माल विकत घेतला, पण चार महिने पैसे देत नाही. काय करू?

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आज करून टाका. ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधारवर होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. नोंदणीआधीच्या बिलांना हे संरक्षण मिळणं अवघड जातं, म्हणूनच पहिली ऑर्डर येण्याआधी नोंदणी हवी. कन्साइनमेंटचा माल विकला जाईपर्यंत तुमचाच असतो. तिथे हा नियम सरळ लागत नाही, करार कामाला येतो (प्रश्न १२).

हाच नियम उलटाही आहे. तुमच्या भरतकामवाल्याची उद्यम नोंदणी असेल तर त्याचे पैसे अडवणारे तुम्ही ठरता.

१४. इतक्या लवकर जीएसटी नोंदणी लागते का?

महाराष्ट्रात फक्त माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे लागत नाही. पण परराज्यात माल विकायला लागलात, म्हणजे दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या दुकानाला पहिला नग गेला, की मर्यादा न बघता नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे. तुमचा कपडा त्यात बसतो का ते सीए सांगेल.

१५. रॅम्पवर दाखवलेलं डिझाइन कुणी उचललं तर?

हे शोनंतर विचारता, तिथेच गाडी चुकते. २०००च्या डिझाइन्स कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योगाला अर्जाची फी १,००० रुपये आहे. पण डिझाइन अर्जाआधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. रॅम्प म्हणजे प्रसिद्धी, आणि शोच्या आदल्या रात्री उत्साहाने टाकलेली रील म्हणजेही प्रसिद्धीच. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती सवलत आहे, तीही आधी कळवून आणि सहा महिन्यांत अर्ज करून. तिच्यावर विसंबू नका.

"पण कॉपीराइट आपोआप असतो ना?" असतो, आणि मधेच संपतो. नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही असं डिझाइन यंत्राने ५०पेक्षा जास्त वेळा छापलं किंवा बनवलं गेलं की त्यातला कॉपीराइट जातो. म्हणून कलेक्शनमधली एक-दोन खरी नवी प्रिंट किंवा नक्षी निवडा आणि तेवढीच शोआधी नोंदवा. कॉलर, कट, सिल्युएट (कपड्याचा बाह्याकार) यांवर हक्क सांगत बसायला आयुष्य पुरणार नाही.

पदवीच्या प्रकल्पात केलेलं डिझाइन असेल तर आधी कॉलेजचे बौद्धिक संपदेचे नियम वाचा.

१६. ब्रँडचं नाव कधी नोंदवायचं?

पहिलं लेबल विणायला टाकण्याआधी. कपड्यांचा वर्ग २५, पिशव्यांचा १८. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये फी आहे. आधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोध घ्या. 'साज', 'रेशीम', 'धागा' असली नावं सगळ्यांनाच सुचतात.

१७. 'पैठणी जॅकेट', 'खादी शर्ट', 'वारली कलेक्शन' असं लिहिलं तर चालेल का?

तिघांची तीन उत्तरं. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. खऱ्या पैठणीतून कापलेल्या जॅकेटला पैठणी म्हणा आणि विणकराचं बिल जपून ठेवा. यंत्रमागावर विणलेल्या मोर-पोपटांना पैठणी म्हणू नका, 'पैठणी नक्षी' म्हणून वेळ मारून नेणंही धोक्याचं आहे.

खादीची गंमत अशी की हाताने कातलेलं, हाताने विणलेलं कापड तुमच्याकडे खरोखर असलं, तरी खादी आयोगाच्या प्रमाणपत्राशिवाय लेबलवर 'खादी' लिहून विकता येत नाही. मग 'हातकताईचं, हातमागावरचं सुती' असं लिहा. तेही छान वाचलं जातं.

वारली चित्रकलेलाही मानांकन आहे आणि ती माणसं आपल्या शेजारची आहेत. पालघर २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. इंटरनेटवरून तारपा नाचाचं चित्र उचलून डिजिटल प्रिंट मारण्यापेक्षा जव्हार-डहाणूकडच्या चित्रकाराकडून काम करून घ्या, पैसे द्या आणि टॅगवर त्याचं नाव छापा.

१८. टॅगवर 'सस्टेनेबल' लिहू?

काय सस्टेनेबल आहे ते सांगता येत असेल तर तेच लिहा: "अस्तर उरलेल्या कापडाचं", "रंग डाळिंबाच्या सालीचा". नुसतं 'पर्यावरणपूरक' लिहून पुरावा नसेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो दिशाभूल करणारा दावा ठरू शकतो.

१९. माझं कलेक्शन लहान मुलांच्या कपड्यांचं आहे. मुलांना रॅम्पवर चालवता येतं का?

येतं, पण आईवडिलांची संमती एवढंच पुरत नाही. बालकामगार कायद्याखालच्या नियमांनुसार अशा कार्यक्रमासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलांकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, आणि मानधनातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. हे आयोजकाने केलंय का ते कागदावर बघा. "घरचीच मुलं आहेत" हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका.

२०. तिरंग्याचा वापर?

राष्ट्रध्वज कपड्याचा भाग म्हणून कमरेखाली कुठेही नको; रुमाल, उशी, आतल्या कपड्यांवरही नको. केशरी-पांढरा-हिरवा रंगमेळ वापरायचा असेल तर तो ध्वज म्हणून ओळखू येणार नाही अशा बेतानं वापरा.

२१. मी आजीच्या, आत्याच्या जुन्या साड्यांतून कलेक्शन केलंय. एकासारखा दुसरा कपडा होणारच नाही. मग ऑर्डर घेऊ कशी?

प्रश्न ५मध्ये म्हटलेला अपवाद हाच. इथे कपडा सारखा निघत नाही, पॅटर्न सारखा ठेवायचा. एकच जॅकेट, चार साइझ, ग्रेडिंग (साइझप्रमाणे पॅटर्न लहानमोठा करणं) पक्कं. साडी दर वेळी वेगळी. लाइनशीटवर नेमक्या कापडाचा फोटो देऊ नका. "जुनी नारायणपेठ, गडद रंग, काठ पुढच्या पट्टीला" असं वर्णन द्या आणि प्रत्येक नगाला क्रमांक शिवा. दुकानाला सांगा की वीस नग मिळतील, वीसही वेगळे असतील. ज्याला हे नको त्याला तुमचा माल नकोच आहे.

साड्यांचा पुरवठा घरच्या कपाटातून दोन हंगाम पुरतो, त्यानंतर बोहारणींशी ओळख काढावी लागते. भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बायकांना रेशीम हातात धरल्या धरल्या कळतं. भाव त्याच लावतात आणि तो रास्त असतो. साडी घेताना घडी उलगडून उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम तिथे विरलेलं असतं, उजेड आरपार येतो. त्या रेषा खडूने आखून घ्या आणि पॅटर्न त्यांच्या मधल्या भागातच बसवा. काठाची जर काळी पडली असेल तर लिंबू-चिंचेच्या भानगडीत पडू नका. काठ सोडवून वेगळा ठेवा, आतल्या पट्टीला कामाला येतो.